खळ, फेस आणि लोखंड : लोहखनिज वेगळे करताना स्टार्च नेमके काय करतो?

मागच्या व्याख्यानात आपण खनिज दळण्यापर्यंत आलो होतो. दगड फोडला, बॉल मिलमध्ये दळला, पिठासारखा बारीक केला. लोखंडाचे कण आणि गारेचे कण आता एकमेकांपासून सुटे झाले आहेत, पण आहेत एकाच पाण्यात, एकाच चिखलात. त्यांना वेगळे कसे करायचे, हा आजचा प्रश्न. त्यातही आज सगळ्या पद्धती घ्यायच्या नाहीत. फक्त एक घ्यायची, फ्लोटेशन, मराठीत फेनप्लवन. आणि त्यातलाही एकच घटक घ्यायचा : डिप्रेसंट, म्हणजे एखाद्या खनिजाला फेसावर चढण्यापासून रोखणारा पदार्थ.

विषय ऐकायला कोरडा वाटेल. पण गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरात जो पट्ट्यापट्ट्यांचा दगड आहे, गोव्यात खाणींच्या कडेला जे ढिगारे पडून आहेत, त्यांचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी या एका पदार्थाच्या निवडीवर ठरते. म्हणून सावकाश जाऊ.

तरंगवायचे कोणाला?

फ्लोटेशनची मूळ कल्पना साधी आहे. काही पृष्ठभागांना पाणी आवडते, काहींना आवडत नाही. स्वच्छ काचेवर पाणी पसरते, मेणावर त्याचे थेंब होतात. मेणासारखा पृष्ठभाग असलेला कण पाण्यात सोडला आणि खालून हवेचे बुडबुडे सोडले, तर तो कण बुडबुड्याला चिकटतो आणि वर येतो. पाण्याशी सलगी असलेला कण खालीच राहतो. बस्स, एवढेच. ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी १८७७ मध्ये ग्राफाइटसाठी याचे पेटंट घेतले. ग्राफाइट मुळातच पाण्याला नको म्हणणारे, त्यामुळे तिथे काम सोपे होते.

बहुतेक खनिजे मात्र अशी नसतात. त्यांना पाणी आवडते. मग त्यांच्या अंगावर मेणाचा अंगरखा चढवावा लागतो. हे काम करणाऱ्या रसायनाला कलेक्टर म्हणतात. कलेक्टरचा रेणू काडेपेटीतल्या काडीसारखा समजा. एका टोकाला गूल, म्हणजे विद्युतभार असलेले डोके. ते खनिजाला चिकटते. बाकीची काडी म्हणजे कार्बनची लांब साखळी. ती पाण्यापासून दूर पळू पाहते आणि हवेचा बुडबुडा जवळ करते.

अडचण अशी की कलेक्टर फारसा निवडखोर नसतो. त्याला जो पृष्ठभाग पटला, त्याला तो चिकटला. दोन खनिजे सारखीच पटली, तर दोन्ही वर येतात आणि आपली सगळी मेहनत पाण्यात. इथे डिप्रेसंट लागतो. शिसे आणि जस्ताच्या खनिजांसाठी शेरिडन आणि ग्रिसवोल्ड यांनी १९२२ च्या सुमारास सायनाइड वापरून जस्ताचे खनिज रोखले आणि शिशाचे वर काढले. फ्लोटेशन खऱ्या अर्थाने निवडक झाले ते तेव्हापासून. म्हणजे बघा, उचलणाऱ्या रसायनाइतकेच, कधीकधी त्याहून जास्त, महत्त्व रोखणाऱ्याला आले.

डिप्रेसंट हा शब्द ऐकून कोणाला झोपेची औषधे आठवतील. इथे त्याचा अर्थ एवढाच : त्या खनिजाला फेसावर चढू न देणे. लोहखनिजाच्या कारखान्यात हे काम कोण करते? आपल्या स्वयंपाकघरातला स्टार्च. सुती साडीला आपण जी खळ करतो, जवळजवळ तीच.

उलटे फ्लोटेशन आणि अपोह

आता कोणी विचारेल, लोखंड हवे आहे तर लोखंडच तरंगवा की. तसेही करतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या हम्बोल्ट आणि रिपब्लिक इथल्या कारखान्यांत १९५० च्या दशकात चरबीआम्ले वापरून हेमॅटाइट थेट फेसावर आणत. पण ही चरबीआम्ले पाण्यातल्या कॅल्शियमशी साबण करत बसतात, बारीक चिखलाने बिथरतात, आणि वर आलेल्या लोहखनिजाबरोबर गारही ओढून आणतात.

दुसरा मार्ग म्हणजे उलटे फ्लोटेशन. जे नको ते वर काढायचे आणि जे हवे ते तळाशी ठेवायचे. गार फेसावर चढवून बाहेर वाहवून द्यायची; पात्रात उरेल ते लोखंड. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे आम्हाला इथे दिङ्नागाचा अपोहवाद आठवतो. शब्दाला अर्थ येतो तो इतरांना वगळून, 'गाय' म्हणजे जे अ-गाय नाही ते, असे बौद्ध तर्कशास्त्र म्हणते. उलट्या फ्लोटेशनमध्ये लोखंडाची व्याख्या अशीच होते : जे वर गेले नाही ते. पण अपोहावर जुना आक्षेप आहे, की वगळण्यासाठी आधी ओळखावे लागते. तो आक्षेप इथे अगदी व्यवहारात उभा राहतो. लोखंडाला ओळखून रोखणारे कोणीतरी पाण्यात असल्याशिवाय हे वगळणे होतच नाही.

का होत नाही, ते पाहू.

गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा पृष्ठभाग पीएच साधारण २ च्या वर गेला की ऋणभारित होतो. हेमॅटाइटचा पृष्ठभाग पीएच साधारण ७ ते ८.५ च्या वर ऋणभारित होतो. कारखान्यात आपण काम करतो पीएच १० ते १०.५ ला. म्हणजे तिथे दोघेही ऋण. आता गार उचलायला आपण वापरतो अमाइन, ज्याचे डोके धनभारित असते. धनाला ऋण हवे. त्याला गार काय आणि हेमॅटाइट काय, दोन्ही चालतात! अमाइन एकटा सोडला तर तो लोखंडही फेसावर नेऊन टाकील.

मग पीएच कमी का करत नाही? कारण अमाइनचीही एक लय आहे. १२ कार्बनच्या डोडेसिलअमाइनचे उदाहरण घ्या. पीएच १०.६ च्या आसपास त्याचे निम्मे रेणू भारित आणि निम्मे तटस्थ असतात. भारित रेणू गारेला धरतात, तटस्थ रेणू त्यांच्या मधल्या जागेत शिरतात, सगळ्यांच्या शेपट्या एकत्र येतात आणि मेणाची चादर घट्ट विणली जाते. शेपट्यांच्या या एकत्र येण्याची कल्पना गॉडिन आणि फ्यूर्स्टेनाउ यांनी १९५५ मध्ये मांडली. पीएच फार वाढवला तर भारित रेणूच उरत नाहीत, पकड सुटते. म्हणून १० ते १०.५ हा पट्टा. आज कारखान्यांत साध्या अमाइनऐवजी ईथरअमाइन वापरतात. ते पाण्यात सहज मिसळते. विरघळावे म्हणून त्याचा काही भाग अॅसेटिक आम्लाने उदासीन करून घेतात. अमाइन स्वतःच फेसही करते, त्यामुळे फेसासाठी वेगळे रसायन सहसा लागत नाही.

थोडक्यात, कलेक्टर ज्या पीएचला सगळ्यात चांगला चालतो, तिथेच तो सगळ्यात आंधळा असतो. त्याला डोळे देण्याचे काम स्टार्चचे.

स्टार्च लोखंडाला कसा ओळखतो?

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. तिचे दोन प्रकार. अमायलोज सरळ, लांब, मळसूत्रासारखी वळलेली. अमायलोपेक्टिन झाडासारखे, फांद्या फुटलेले आणि आकाराने कितीतरी मोठे. मक्याच्या नेहमीच्या स्टार्चमध्ये साधारण एक चतुर्थांश अमायलोज आणि तीन चतुर्थांश अमायलोपेक्टिन असते. प्रत्येक ग्लुकोजच्या कडीवर हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. त्यांना पाणी फार आवडते. असा रेणू हेमॅटाइटवर बसला की कणाभोवती पाण्याचे जाड पांघरूण तयार होते. बुडबुडा जवळ आला तरी त्याला धरायला जागाच सापडत नाही.

पण तो हेमॅटाइटवरच का बसतो, गारेवर का नाही? विजेच्या आकर्षणाने हे समजत नाही. कॉस्टिक सोड्यात शिजवलेला स्टार्च थोडा ऋणभारितच असतो आणि हेमॅटाइटही ऋण. तरी तो तिथे घट्ट बसतो. याचा अर्थ पकड वेगळ्या प्रकारची आहे. हेमॅटाइटच्या पृष्ठभागावर लोहाचे अणू हायड्रॉक्सिल गट घेऊन उभे असतात, आणि स्टार्चचे हायड्रॉक्सिल गट त्यांच्याशी हायड्रोजन बंध आणि रासायनिक संकुल बनवतात. गारेवर सिलिकॉनचे हायड्रॉक्सिल गट आहेत खरे, पण त्यांची स्टार्चशी जवळीक फार कमी. त्यातून या पीएचला गारेवरचा ऋणभार जास्त तीव्र असतो, तोही स्टार्चला लांब ठेवतो.

यात एक सुंदर कल्पना आहे. ग्लुकोजच्या कडीवरच्या दोन शेजारी हायड्रॉक्सिल गटांमधले अंतर आणि खनिजाच्या पृष्ठभागावरच्या दोन शेजारी धातू-अणूंमधले अंतर, ही मापे जुळली तर पकड बसते. कुलूप-किल्लीसारखे. पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमधल्या संशोधकांनी लोहखनिजासाठी रसायने शोधताना हा विचार पुढे नेला : योग्य अंतरावर योग्य गट असलेला रेणू कागदावर आखायचा आणि मग तपासायचा.

आणखी एक गंमत. स्टार्च कलेक्टरला हाकलून जागा घेतो, असा आपला सहज समज होतो. पण सोमसुंदरन यांनी १९६९ मध्ये कॅल्साइट, ओलिएट आणि स्टार्च या त्रिकुटाचा अभ्यास केला. तिथे स्टार्च आल्यावर पृष्ठभागावरचा कलेक्टर कमी झाला नाही, उलट वाढला. तरीही कण पाण्याला आवडणारा झाला. कारण स्टार्चच्या मळसूत्राची आतली बाजू तेलकट शेपटीला सामावून घेते आणि बाहेरची बाजू पाण्याकडे राहते. मेणाचा अंगरखा तसाच, त्यावर ओली शाल! आयोडीनने स्टार्च निळा होतो, तेव्हाही आयोडीन याच मळसूत्राच्या पोकळीत जाऊन बसलेले असते. तेव्हा रोखणे म्हणजे दर वेळी हुसकावणे नव्हे, झाकणेही असू शकते.

खळ शिजवण्याचे शास्त्र

स्टार्चची पूड तशीच पाण्यात टाकली तर ती तळाशी बसते. हे घरात कोणालाही ठाऊक आहे. तिचे दाणे फुटून साखळ्या मोकळ्या व्हाव्या लागतात. घरी आपण उष्णता देतो. कारखान्यात बहुधा कॉस्टिक सोडा देतात. त्याने थंड पाण्यातही खळ होते. आधी घट्ट खळ करायची, मग पाणी घालून एखाद्या टक्क्यापर्यंत पातळ करायची आणि स्लरीत सोडायची. खळ ताजी लागते. शिळी झाली की अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून गाठी धरतात, आणि जंतूही तिच्यावर ताव मारतात. पंपात फार घुसळली तर साखळ्या तुटतात आणि तुटक्या साखळीची पकड ढिली असते.

मक्यात तेलही असते. ते जास्त झाले की फेस मरतो. म्हणून मक्याचा रवा घेताना तेलाचे प्रमाण तपासावे लागते. कोठारात बसून मका निवडणारा माणूस फ्लोटेशनचे निकाल ठरवतो, ते असे.

क्रमही पाळायचा. आधी स्टार्च, त्याला काही मिनिटे हेमॅटाइटवर बसू द्यायचे, मग अमाइन. उलट केले तर अमाइन सगळीकडे बसून मोकळे होते. टनामागे प्रमाण काय? दगडानुसार बदलते, पण ढोबळ मानाने स्टार्च काहीशे ग्रॅम आणि अमाइन शंभर ग्रॅमच्या आगेमागे. एक टन दगडाचे भवितव्य अर्ध्या किलो खळीवर!

जास्त घातली तर? जास्त खळीने कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि त्या गोळ्यांत गारही अडकते. उरलेली खळ गारेवरही थोडी बसू लागते, अमाइनला आपल्या पोकळीत गुंतवून ठेवते. मग चालक अमाइन वाढवतो. अमाइन वाढले की हेमॅटाइट निसटतो. पुन्हा खळ वाढवा. हे चक्र एकदा सुरू झाले की खर्च वाढत जातो आणि निकाल खाली येतो.

आकड्यांत काय फरक पडतो?

एक हिशेब फळ्यावर मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा १०० टन दगड आला, त्यात ४५ टक्के लोह. म्हणजे ४५ टन लोह. डिप्रेसंट चांगला चालला. तळाशी ६५ टक्के लोहाचा माल मिळाला आणि फेसातून गेलेल्या टाकाऊत १५ टक्के लोह राहिले. गणित केले तर ६० टन माल आणि ४० टन टाकाऊ. मालात लोह ३९ टन, टाकाऊत ६ टन. आलेल्या लोहापैकी जवळजवळ ८७ टक्के हाती लागले.

आता डिप्रेसंट कमी पडला. मालाचा दर्जा तोच, ६५ टक्के, पण टाकाऊत २५ टक्के लोह गेले. मग माल होतो ५० टन आणि टाकाऊ ५० टन. मालात लोह ३२.५ टन, टाकाऊत १२.५ टन. हाती लागले फक्त ७२ टक्के.

मालाचे प्रमाणपत्र दोन्ही वेळा सारखेच, ६५ टक्के. विकत घेणाऱ्याला फरक दिसत नाही. फरक दिसतो तो डोंगराला आणि टाकाऊच्या तळ्याला. तेवढेच लोखंड मिळवायला दुसऱ्या कारखान्याला जास्त डोंगर फोडावा लागतो आणि तळेही मोठे बांधावे लागते. 'निवडक' या विशेषणाची खरी किंमत ही आहे.

तीन देश, तीन रीती

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात इटाबिराइट नावाचा दगड आहे, हेमॅटाइट आणि गार यांच्या थरांचा. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मक्याचा स्टार्च आणि अमाइन ही जोडी मोठ्या प्रमाणावर रुळली. आज या पद्धतीचे सगळ्यात मोठे घर ब्राझीलच.

मिशिगनमधल्या टिल्डन खाणीत दगड इतका बारीक विणलेला की कण सुटे व्हायला बहुतेक दळण २५ मायक्रॉनच्या खाली न्यावे लागते. एवढ्या बारीक चिखलात बुडबुडे काम करीनात. मग तिथे स्टार्चला दोन नोकऱ्या दिल्या. आधी थोडा स्टार्च घालून फक्त हेमॅटाइटच्या बारीक कणांचे झुबके करायचे. ते खाली बसतात आणि सुटा राहिलेला गारेचा चिखल वरून ओतून द्यायचा. त्यानंतर उरलेल्या मालावर स्टार्च-अमाइनचे उलटे फ्लोटेशन. यासाठी पाण्यातल्या कॅल्शियमवर फार लक्ष ठेवावे लागते, कारण कॅल्शियम गारेचेही झुबके करते आणि मग निवड संपते.

चीनमध्ये आनशान भागात याच कॅल्शियमला कामाला लावले. पीएच ११ च्या वर नेऊन चुना घालतात. कॅल्शियम गारेवर बसते, त्यावर चरबीआम्ल बसते आणि गार तरंगते. लोखंडाला रोखायला तिथेही स्टार्चच. एका कारखान्याचा शत्रू दुसऱ्या कारखान्याचा मदतनीस झाला. पण तिन्ही ठिकाणी डिप्रेसंट तोच राहिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडचा पेच : अॅल्युमिना

इथपर्यंत शत्रू एकच होता, गार. सुरजागडच्या पट्टेदार हेमॅटाइट-क्वार्ट्झाइटला हे शास्त्र बरेचसे लागू पडते, कारण तिथेही लाल-काळे लोहाचे पट्टे आणि गारेचे पट्टे असाच दगड आहे. नीट दळून कण सुटे झाले की स्टार्च आणि अमाइन आपापली कामे करू शकतात.

पण आपल्या देशातल्या पुष्कळ लोहखनिजांचा खरा त्रास गारेचा नाही, अॅल्युमिनाचा आहे. धुतलेल्या खनिजाचा जो बारीक गाळ उरतो, त्यात तो विशेष साठतो. हा अॅल्युमिना येतो केओलिनाइटमधून, म्हणजे चिनी मातीतून, आणि गिब्साइटमधून. झोतभट्टीत अॅल्युमिना वाढला की मळी घट्ट होते, कोक जास्त जळतो. म्हणून तो काढायचा.

आणि इथे आपली खळ अडखळते. गिब्साइटचा पृष्ठभाग अॅल्युमिनियमच्या हायड्रॉक्सिल गटांनी भरलेला. केओलिनाइट हे पापुद्र्यासारखे. त्याच्या कडांवर तेच गट उघडे पडलेले. हे गट लोहाच्या गटांचे चुलतभाऊ. स्टार्चला दोघे सारखेच आपले वाटतात! तो हेमॅटाइटबरोबर मातीलाही झाकतो आणि तळाशी ठेवतो. वर गोएथाइट असतो. तो सच्छिद्र, रसायने पिऊन टाकणारा, आणि पुष्कळदा त्याच्या स्फटिकातच अॅल्युमिनियम शिरलेले. ते दळून सुटेही होत नाही.

गारेच्या बाबतीत जो गुण होता, तो मातीच्या बाबतीत उणीव ठरतो. निवडकपणा हा रसायनाचा एकट्याचा गुणधर्म नव्हे. अमुक डिप्रेसंट निवडक आहे, या वाक्याला 'कोणाच्या तुलनेत' हे जोडल्याशिवाय अर्थ नाही. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे न्यायशास्त्राच्या उदाहरणांनी शिकवत आलो. खाणीत त्याचीच किंमत टनात मोजली जाते.

यावर उपाय शोधले जातात ते तीन दिशांनी. एक, स्टार्चलाच बदलणे : त्यावर वेगळे गट लावणे, डेक्स्ट्रिनसारख्या लहान साखळ्या वापरणे. दोन, दुसरे पॉलिमर : ग्वार डिंक, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, ह्युमिक आम्ल, टॅनिन. तीन, फ्लोटेशनच्या आधीच हायड्रोसायक्लोनने साधारण १० मायक्रॉनच्या खालचा चिखल काढून टाकणे. तिसरा उपाय सगळ्यात सोपा, म्हणून सगळ्यात रूढ. पण त्या चिखलाबरोबर बारीक लोखंडही जाते.

टाकाऊ जाते कुठे?

आपण म्हटले, नको ते वाहवून द्यायचे. पण वाहून ते जगाच्या बाहेर जात नाही. फ्लोटेशनमधून निघते बारीक वाळू. चिखल काढण्याच्या टप्प्यातून निघतो निसरडा गाळ. दोघांचा स्वभाव वेगळा. वाळूतून पाणी निथळते, गाळ ते धरून ठेवतो.

५ नोव्हेंबर २०१५ रोजी ब्राझीलमध्ये मारियानाजवळचा फुंदाओ बंधारा फुटला. १९ माणसे गेली. गाळ दोसे नदीतून ६०० किलोमीटरांहून अधिक वाहत अटलांटिक समुद्राला मिळाला. तो बंधारा अशाच लोहखनिजाच्या कारखान्याचा होता. तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये जे कारण दिले, ते आपल्या विषयाला लागून आहे : जिथे फक्त वाळू असायला हवी होती, तिथे खाली गाळाचे थर जमले होते. भार वाढत गेला तसा तो मऊ गाळ बाजूला सरकत गेला, वरची ओली वाळू सैल झाली आणि क्षणात द्रवासारखी वाहिली.

कारखान्याच्या आत आपण कणांना इतक्या काटेकोरपणे वेगळे करतो. बाहेर गेल्यावर तो काटेकोरपणा सोडून चालत नाही. शिवाय टाकाऊबरोबर अमाइनचा अंश जातो, आणि ही अमाइने जलचरांना घातक असतात. स्टार्च निरुपद्रवी खरा, पण पाण्यात कुजताना प्राणवायू खातो. म्हणून पाणी फिरवून पुन्हा वापरणे आणि टाकाऊ गाळून कोरडे रचणे, हे फ्लोटेशनच्या शास्त्राचेच पुढचे प्रकरण समजायला हवे.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : सर, खाण्याचा मका खाणीत घालणे योग्य आहे का?*

प्रश्न रास्त आहे. टनामागे अर्धा किलो म्हटले, तर कोटी टन दगडाला पाच हजार टन स्टार्च होतो. म्हणून इतर स्रोत तपासले जातात. टॅपिओका, म्हणजे आपल्या साबुदाण्याचे कंद, बटाटा, अन्नाला न चालणारा खराब मका. ते चालतात, पण प्रत्येकात अमायलोज आणि अमायलोपेक्टिनचे प्रमाण वेगळे, साखळ्यांची लांबी वेगळी. त्यामुळे आजचा बदलून उद्या दुसरा, असे करता येत नाही. खळ शिजवण्यापासून सगळे पुन्हा बसवावे लागते.

*प्रश्न : गोव्यातल्या ढिगाऱ्यांवर हे करता येईल का?*

सरसकट हो म्हणणारा आणि सरसकट नाही म्हणणारा, दोघांवरही विश्वास ठेवू नका. तिथे २०१२ आणि २०१८ मध्ये खाणकाम थांबले तेव्हापासून ढिगाऱ्यांची चर्चा जास्त होते. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सने २००९ मध्ये हेमॅटाइट खनिजाची किमान मर्यादा ५५ वरून ४५ टक्के लोहावर आणली, त्यामुळे कालचा कचरा आज खनिज ठरू शकतो. पण गोव्याचा माल पुष्कळसा जांभ्या दगडाच्या जातीचा, गोएथाइट आणि माती असलेला. तिथे आपण आता पाहिलेला अॅल्युमिनाचा पेच येतो. आधी विचारा, या ढिगात गार किती आणि माती किती, कण किती मायक्रॉनला सुटे होतात? या दोन उत्तरांनंतरच स्टार्चचा विषय काढायचा. आपल्या नागपुरात ब्युरोची खनिज-प्रक्रियेची प्रयोगशाळा आणि प्रायोगिक कारखाना आहे. असे नमुने तपासण्याचेच ते काम आहे.

*प्रश्न : एकच रसायन सगळे करील, असे कधी होईल का?*

त्याची वाट पाहू नये. दगड बदलतो, पाणी बदलते, ऋतू बदलतो. पावसाळ्यात तेच खनिज वेगळे वागते. आदर्श डिप्रेसंट शोधण्यापेक्षा आपला दगड ओळखणे जास्त उपयोगाचे. रसायन नंतर सुचते.

आज इथे थांबू. पुढच्या व्याख्यानात आपण फ्लोटेशनचा कॉलम घेऊ, म्हणजे पंखा नसलेले उंच पात्र, आणि वरून पाण्याचा शिडकावा दिल्यावर फेसात अडकलेले बारीक लोखंड परत खाली कसे येते ते पाहू. तोवर घरी एकदा खळ करा. एक ताजी, एक दोन दिवसांची शिळी. दोन्ही बोटांत घेऊन बघा. आजचे अर्धे व्याख्यान तिथेच कळेल.